बॅटरी काढलेली सायकल

मंगळवार, ११ मार्च. सकाळपासून दमट ऊन, वारा नाही.

रत्नागिरीत ई-सायकलच्या नव्या नियमांवर सुनावणी होती. मसुदा कारखानदारांच्या संघटनेने सुचवलेला. कारखान्यातून पायडल लावून आलेली कोणतीही गाडी ही सायकल, तिला परवाना नको. दुकानात मोटर बसवलेली सायकल मात्र बेकायदा. तसं झालं तर साध्या सायकलींना मोटर बसवून देणाऱ्या मुरारी मेस्त्रींच्या दुकानाला टाळंच लागणार होतं. त्यांनी तीन आठवडे खपून बावीस मुद्दे लिहून आणले होते. दुसऱ्या मुद्द्याला सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडमना जांभई आली, तिसऱ्याला खुद्द मेस्त्रींना.

संघटनेचे अध्यक्ष हसले. "सायकल कशाला म्हणतात हे आता कारखान्याला तुम्ही शिकवणार?"

"मी नववी नापास, मी काय शिकवणार? दुकानात आलेली सायकल आधी फेरी मारून बघायची, एवढीच आमची विद्या. बाहेर तुमचीही उभी आहे, माझीही. दोन्हींच्या बॅटऱ्या काढू आणि फाटकापर्यंत जाऊन येऊ."

सगळे बाहेर आले. मेस्त्री सुटलेलं पोट सांभाळत, धापा टाकत आपल्या सायकलवरून फाटकाला हात लावून परतले. अध्यक्षांनी आपल्या नव्वद किलोच्या गाडीच्या पायडलवर सगळा भार टाकला. गाडी जागची हलेना.

"बॅटरीशिवाय ही चालेल कशी?" ते वैतागून म्हणाले. "ही काय सायकल आहे?"

"मॅडम, एवढं वाक्य लिहून घ्या," मेस्त्री म्हणाले. "माझ्या बावीस मुद्द्यांत हे सुचलं नव्हतं."

अंतिम नियम असा झाला: बॅटरी काढल्यावर एका माणसाने पायडल मारल्यास जी शंभर मीटर जाईल ती सायकल, मोटर कारखान्यात बसवलेली असो की दुकानात.