अडवलेला झरा

फार फार जुनी गोष्ट आहे. समुद्रकाठच्या एका टेकडीवर ख्रिस्ती मठ होता. तिथं कैतानबाबा नावाचे धर्मगुरू राहत. पहाटेपासून ते मौन धरून प्रभूच्या चिंतनात बसत. लोक त्यांना फार मानत.

टेकडीखाली कोळ्यांची वस्ती होती. तिथल्या ख्रिस्ती सरदारानं आपल्या बागेसाठी वस्तीचा एकुलता एक झरा भिंत घालून अडवला. कोळी खड्ड्यातलं गढूळ पाणी पिऊ लागले. घराघरांत पोरं आजारी पडली. रेमेत नावाच्या कोळणीची लेक तर दगावली.

लेकीला माती देऊन रेमेत थेट मठात आली आणि दारावर मुठी आपटू लागली.

बाबा आतून ओरडले, "बाई, ही चिंतनाची वेळ आहे. शांतता मोडू नकोस!"

"शांतता?" रेमेत कडाडली. "माझी पोर गेली, बाबा! तुमच्या देवाला बंद दाराआडचंच ऐकू येतं का?" आणि ती निघून गेली.

बाबांना राग आला. ते पुन्हा गुडघे टेकून बसले. "प्रभू, बोल," असं विनवू लागले. पण कानांत घुमत होता तो त्या आईचाच आवाज. मग मात्र त्यांना स्वतःचाच संताप आला. ज्याला आपण 'बोल' म्हणतोय, तो दारात येऊन बोलला, आणि आपण त्यालाच गप्प केलं!

ते तडक वस्तीत गेले. उपदेश केला नाही. अंगणाअंगणात बसले, ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांच्या मुठी वळल्या.

"मी सरदाराकडे जातो. तुमच्यासाठी बोलतो," ते म्हणाले.

"आमच्यासाठी नको," रेमेत म्हणाली. "आमच्याबरोबर चला. बोलू आम्हीच."

सगळी वस्ती गढीवर धडकली. रेमेत बोलली. एकेक आई बोलली. सरदार हसला.

"बाबा, तुम्ही आपली प्रार्थना करा. यात पडू नका."

"प्रार्थनेतूनच उठून आलोय!" बाबा गरजले. "झरा मोकळा होईपर्यंत तुला उपासनेत माझ्या हातून ख्रिस्तप्रसादाची भाकर मिळणार नाही!"

सरदारानं शिपायांना लाठ्या चालवायला फर्मावलं. पण शिपाई त्याच वस्तीतले. समोर त्यांच्याच आया उभ्या होत्या. एकाचाही हात उठला नाही.

कोळ्यांनी पहारी घालून भिंत फोडली. पाणी खळाळत वस्तीत आलं. रेमेतनं ओंजळ भरली आणि न पिताच पाणी सोडून दिलं.

"हे आधी यायला हवं होतं, बाबा," ती म्हणाली.

बाबा मान खाली घालून उभे राहिले.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: शेजाऱ्याचा आक्रोश ज्याला ऐकू येत नाही, त्याचं मौन ही प्रार्थना नव्हे, अन्यायाची राखण आहे.