फळीवरची शेवाळाची बाटली

एकदा एक लादीचा व्यापारी एका वृद्ध गुरुजींच्या रोपवाटिकेत आला, तो हातात कुंडी आणि चेहऱ्यावर सुतक घेऊन. गुरुजी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आता घरात वाढणाऱ्या झाडांची दुखणी बरी करणे हाच त्यांचा उद्योग होता. हाताखाली एक शिष्या होती. कृषी पदवी घेऊन आलेली, हुशार, आणि हुशार माणसांना असते तेवढी घाई तिलाही होती.

व्यापाऱ्याने कुंडी टेबलावर ठेवली. कुंडी मोठी देखणी, निळ्या चिनीमातीची. आत अनंताची एक फांदी, पाने पिवळी पडलेली.

"काय वाटेल ते करा, पण ही जगवा," तो म्हणाला. "आईने वेंगुर्ल्याहून आणलीय. अंगणातल्या अनंताची. आई तिथे एकटीच राहायची. न्हाणीत पडली, दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. शेवटी मी हट्टाने इकडे घेऊन आलो. पण आई म्हणते, ही फांदी इथे रुजली तर मी राहीन. नाही रुजली तर मला परत नेऊन सोड."

"आणि तुम्ही सोडाल?"

"तिच्यापुढे माझं काही चालत नाही हो. पण पुन्हा पडली तर?" त्याने कुंडी गुरुजींपुढे सरकवली.

गुरुजींनी फांदी अलगद उपसली. टोक कुजायला लागले होते. कुंडीला तळाशी भोक नव्हते आणि मातीत खताचे पांढरे दाणे मुठीने टाकलेले होते.

"हे खत कुणी घातलं?"

"मीच. जे जे भारीतलं मिळालं ते घातलं. आईलाही काही कमी नाही. स्वतंत्र खोली आहे, टीव्ही आहे, स्वयंपाकाला बाई आहे. तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही मी. तरी दिवसभर खिडकीशी बसून असते. जेवणावर वासना नाही."

गुरुजींनी फांदीचे कुजके टोक कापले, साध्या मातीच्या कुंडीत वाळू भरून ती खोचली. मग म्हणाले, "मुळं फुटायला समुद्री शेवाळाचा अर्क चांगला. पण तयार बाटली संपली आहे. वाळलेलं शेवाळ देतो, घरीच पाणी करावं लागेल."

शिष्या चमकली. गुरुजींच्या डोक्यामागे फळीवर अर्काची बाटली उभी होती. तिनेच ती भरली होती.

गुरुजी शांतपणे कृती सांगत राहिले. शेवाळ आधी धुवायचे, खारटपणा जाईपर्यंत. पाणी चाखून बघायचे. मग बादलीत भिजत घालायचे, रोज सकाळी काठीने ढवळायचे. गडद चहासारखा रंग आला की गाळून भरपूर पाणी घालायचे आणि फांदीच्या बुडाशी थोडे थोडे द्यायचे. "वास सुटेल," ते म्हणाले, "आणि हे काम एकाच हाताने व्हायला हवं. मिठाचा अंदाज ज्या हाताला आहे त्या हाताने. तुम्हाला आहे?"

"मला चहाही करता येत नाही," व्यापारी ओशाळून म्हणाला.

"मग घरात विचारा."

एका हातात कुंडी, दुसऱ्या हातात शेवाळाची पिशवी घेऊन, नाक मुरडत तो गेला. शिष्या इतका वेळ जिभेवर ताबा ठेवून होती, ती आता उसळली.

"गुरुजी, तुम्ही चक्क खोटं बोललात! बाटली तर ही समोर आहे. चार थेंब दिले असते तर आजच काम सुरू झालं असतं. घरी पाणी तयार व्हायला किती दिवस जातील!"

"खोटं बोललो खरं," गुरुजी म्हणाले आणि स्टुलावर बसले. "अगं, रुजायची वाट दोघी बघतायत, फांदी आणि त्याची आई, आणि उपचार आपण एकीवरच करणार होतो. खताच्या मुठी आणि भारीतली कुंडी, त्याने दोघींना एकच दिलं. शेवाळाचा अर्क काही पोटभरीचं अन्न नव्हे, तो मुळांना फक्त जागं करतो. त्या माउलीला कसली कमतरता आहे? पण सकाळी उठून हात कशाला लावावा, असं त्या घरात तिच्यासाठी काहीच उरलेलं नाही. आणि शेवाळाला स्वतःला मूळ नसतं, हे तुला शिकवलंय मी. लाट आणून टाकते तिथे ते पडतं, लोक कचरा म्हणून ओलांडून जातात. तरी दुसऱ्याचं मूळ वाढवायची ताकद त्याच्यात असते. हे त्या बाईंना मी सांगून पटणार नाही. बादली ढवळताना पटलं तर पटेल."

"आणि तोवर फांदी मेली तर?"

गुरुजी झारी उचलून बाहेर गेले, आणि त्या रात्री दोघांनाही धड झोप लागली नाही.

बरेच दिवस व्यापाऱ्याकडून निरोप नाही. शिष्येने मनातल्या मनात फांदीला तिलांजली देऊन टाकली होती. मग एका सकाळी काठी टेकत एक आजी फाटकातून आत आल्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, आणि हाताला शेवाळाचा वास.

"गे बाय, शेवाळ आसा काय आजून? माझा संपला. अर्धी बिल्डिंग दारात बाटलये घेऊन उभी रवता."

शिष्येच्या तोंडून एकच शब्द निघाला, "फांदी?"

"फांदीक काय झालाहा? पानां फुटली! सेक्रेटरीण पयली वासाची तक्रार घेऊन इली. तिचा मनी प्लांट सुकत होता. मी तिका पाणी दिलंय, आता रोज चायेक येता. काल ती कुंडी उचलून बघूक लागली, तेवा मी तिचो हात धरलंय. म्हटलंय, हलवू नको गो, मुळां धरल्यान हत." मग आवाज जरा खाली आला. "पयल्या दिवशी शेवाळ भिजवलंय ना, तेवा घरभर आमच्या दर्याचो वास सुटलो. बसान रडलंय मी."

शिष्येचे डोळे भरून आले. शेवाळाचे पोते काढायला ती वळली, तेवढ्यात आजींची नजर फळीवर गेली. त्यांनी बाटली उचलली, झाकण उघडून हुंगली, बोटाने तिच्यावरची धूळ पुसून बघितली.

"ही बरीच जुनी दिसता," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे माझो झील इलो तेवा ही हयच होती."

गुरुजी उगाच झारी पुसू लागले. आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हळूहळू हसू लागल्या. बाहेर व्यापाऱ्याच्या गाडीचे दार वाजले. आजींनी चटकन ती बाटली पोत्यांच्या मागे सरकवली.

"झिलाक कळूक नको," त्या कुजबुजल्या, आणि मोठ्याने म्हणाल्या, "ये रे, ह्या पोता उचल!"

त्याच आठवड्यात एक तरुण सुकत चाललेले रोप घेऊन आला आणि अर्काची बाटली मागू लागला. शिष्येने एकदा पोत्यांकडे पाहिले, एकदा गुरुजींकडे.

"घरी दिवसभर कोण असतं?" तिने विचारले.