पोचलो, वस्ताद

"मग आत्ता उडालो तर काय बिघडलं, वस्ताद?"

सुधन्वा आपटे विमानाच्या पंखाखाली उभा राहून विचारत होता. वरून बारीक पाऊस, खाली शेळक्यांचा गुरं चारायचा माळ, आणि मधे फ्लाइंग क्लबचं दोन सीटांचं पिवळं विमान.

वस्ताद नुकतेच जीपमधून उतरले होते. विमानाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सुधन्वाकडे मात्र डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं.

वस्ताद म्हणजे बापूसाहेब शिंगटे. विमान चालवायला शिकवायचे. तरुणपणी कुस्ती केली होती, म्हणून क्लबातली पोरं त्यांना सर न म्हणता वस्ताद म्हणायची. आता तो क्लब राहिला नाही. धावपट्टीवर बाभळी माजल्यात, आणि पत्र्याच्या कँटीनचा तर खांबसुद्धा कुणी जागेवर ठेवला नाही. पण काय दिवस होते ते.

त्या कँटीनची एक रीत होती. उडून आलेल्या पोराने आधी वस्तादांपुढे जायचं आणि म्हणायचं, "पोचलो, वस्ताद." तोवर वस्ताद चहाला तोंड लावायचे नाहीत. चार पोरं वर असली तर चौघांचं ऐकून मगच कप उचलायचे. चहावर साय धरायची. म्हाताऱ्याला गारच चहा आवडतो, अशी पोरं थट्टा करायची.

एकदा एक कप तसाच राहिला. माणगावे नावाचा पोरगा ढगात शिरला होता. वस्तादांनी त्या कपावर बशी झाकली. डोंगरावरून निरोप येईपर्यंत तो कप तसाच झाकलेला होता. त्या कपाची थट्टा कधी कोणी केली नाही.

तर सुधन्वा. हात चांगला, आणि त्याची त्याला पुरेपूर जाणीव. हवा बिघडली म्हणून कोणाच्या रानात विमान उतरवून आलेल्या पोरांना तो सोडायचा नाही. "काय, ज्वारी कशी आहे यंदा?" असं विचारून हैराण करायचा. त्या वर्षी वस्ताद एका मोठ्या विमान कंपनीकडे नोकरीसाठी एकाच पोराचं नाव पाठवणार होते. ते आपलंच, हे सुधन्वाने धरून ठेवलं होतं.

आणि नेमका परतीचा पाऊस आडवा आला. डोंगराच्या अलीकडेच ढग खाली उतरले... मागे बघतो तर मागेही तेच. "शेळकेवस्तीच्या माळावर उतरतोय," एवढं त्याने रेडिओवर सांगितलं आणि खाली आला. विमानाला साधा ओरखडा नाही. पण आता क्लबात तोंड कसं दाखवायचं?

"जरा उघडलंय बघा," तो म्हणाला. "डोंगर दिसतोय. खिंडीतून पलीकडे गेलो की आपला क्लब. अंधार पडायच्या आत पोचतो."

"हं."

"माळ लांब आहे, उडायला पुरेल. तुम्ही जीपने मागून या. मी इथे उतरलो होतो हे कोणाला कळायचंही नाही."

"हं."

तेवढ्यात वस्तीवरून इंदुबाई शेळके आल्या. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात किटली आणि दोन कप.

"टेका की जरा, पाव्हणं," त्या म्हणाल्या. "इमान काय पळून जातंय व्हय? च्या घ्या."

वस्तादांनी कप घेतला, जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"गार हुईल की," इंदुबाई म्हणाल्या.

"होऊ दे, बाई."

सुधन्वाने कपाकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली.

"वस्ताद, चहा घ्या ना."

वस्तादांनी पाठीमागचे हात सोडले नाहीत.

"मी अजून पोचलो कुठे?" सुधन्वाच पुढे म्हणाला. "क्लबात जाऊन म्हणेन. तिथेच म्हणायची रीत आहे."

"जा की मग," वस्ताद म्हणाले.

सुधन्वा चपापला. तो भांडायच्या तयारीत होता, आणि भांडायला समोर कोणी उरलंच नाही.

"खरंच जाऊ?"

"विमान तुझ्या हातात दिलंय. मी काय तुला दाव्याने बांधलंय?"

मग वस्ताद इंदुबाईंकडे वळले.

"बाई, एक बशी मिळेल का? कपावर झाकायला."

"मिळंल की. त्यात काय," म्हणत इंदुबाई वस्तीकडे निघाल्या.

सुधन्वा त्यांच्या पाठमोऱ्या खोळीकडे बघत राहिला. मग डोंगराकडे बघितलं. खिंड बुजली होती. डोंगरही अर्धा गेला होता... राहिलेला अर्धाही बघता बघता दिसेनासा झाला.

"बाई, थांबा," तो म्हणाला. "बशी नको."

पंखाखालून तो पावसात आला. कँटीनमध्ये उभा राहायचा तसा वस्तादांसमोर येऊन उभा राहिला.

"पोचलो, वस्ताद."

वस्तादांनी पाठीमागचे हात सोडले आणि कप उचलला. कप त्यांच्या हातात लटपटत होता. इतका वेळ ते हात पाठीमागे का बांधले होते, ते सुधन्वाला तेव्हा कळलं, आणि त्याला रडू फुटलं.

पावसाचं पाणी मिसळलेला तो गार चहा वस्तादांनी एका दमात संपवला.

सुधन्वा आता सत्तरीला टेकलाय. पुढे मोठमोठ्या विमानतळांवर उतरला. तिथे कोणी त्याच्यासाठी चहा थांबवून ठेवला नव्हता. ही गोष्ट सांगताना तो इथे हमखास थांबतो, चष्मा पुसतो.

त्या दिवशी त्याने बाहीने नाक पुसलं आणि विचारलं, "आता कंपनीकडे माझं नाव नाही ना जाणार?"

वस्तादांनी रिकामा कप इंदुबाईंच्या हातात दिला.

"बाई, आता गरम टाका. पोरगं घरी आलंय माझं."