सटवा कुंभाराचे दोन गुडघे

श्रीनिश्चलगिरी महाराज वडजाईच्या मठात धुनीजवळ आसन मांडून होते, त्या वर्षी त्र्यंबकशास्त्री टोणपे वैद्यांना काय काय मिळायचे होते, ते आधी पाहून घ्या. संस्थानिकांच्या हातून शालजोडी, दरबारात उजव्या अंगाची बैठक, राजवैद्य ही पदवी. आणि सर्वांत गोड म्हणजे चिमाबाई ठाकरणीचे नाव पुन्हा कानी न येणे. गमवायचे काय होते? शास्त्रीबुवांच्या मते काहीच नाही.

चिमाबाई डोंगरातून निर्गुडीचा पाला आणी, त्याचा रस तिळाच्या तेलात आटवी आणि मठाच्या ओट्यावर बसून येईल त्याचे सुजलेले सांधे चोळून देई. तीच तिची पूजा. शास्त्रीबुवांच्या बत्तीस औषधींच्या महातेलाला सोडून लोक तिच्यापुढे पाय पसरून बसू लागले, हे त्यांना कसे सोसावे!

"काय गं ठाकरणी, गुरांचं तेल माणसांना फासतेस?" ते भर ओट्यावर म्हणाले.

"गुरांनाबी गुण येतो, बुवा. आन् ती भिडेखातर हो म्हनत न्हाईत."

ओटा खो खो हसला. शास्त्रीबुवा तडक धुनीपाशी गेले. "महाराज, परीक्षा होऊनच जाऊ द्या! हरली तर हिने मठाची पायरी चढायची नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही."

चिमाबाईचा चेहरा उतरला. "म्हाराज, मला दुसरं देऊळ न्हाई."

"होऊ दे परीक्षा," महाराज म्हणाले. "पण माझ्या रीतीने."

माती तुडवून तुडवून सटवा कुंभाराचे दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते. महाराजांनी अरुंद तोंडाचे दोन सारखे बुधले मागवले. एकांतात एकात चिमाबाईचे तेल ओतले, दुसऱ्यात शास्त्रीबुवांचे. नाकाने साक्ष देऊ नये म्हणून दोन्हींत कापूर घातला. खूण म्हणून तिच्या बुधल्याच्या तळाशी निर्गुडीचे पान टाकले, शास्त्रीबुवांच्या बुधल्यात वर्खाची गोळी. मग एका गळ्याला पांढरा दोरा बांधला, दुसऱ्याला काळा. कशात काय, ते महाराजच जाणत. धुनीपाशीच बसून महाराजांनी पांढऱ्याचे तेल उजव्या गुडघ्याला लावावे, काळ्याचे डाव्याला. रोज सकाळी शास्त्रीबुवांनी सुतळीने माप घ्यावे, असे ठरले.

तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा दोन बोटे उतरला. डावा होता तसाच.

"पांढरा माझा!" शास्त्रीबुवांनी गावभर सांगून टाकले.

सांगून झाल्यावर मात्र त्यांना शंका आली. खलात कुटून कुटून त्यांचे स्वतःचे मनगट वर्षभर सुजलेले होते. ते उपरण्याखाली झाकून हिंडत. महातेल चोळून गुण नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी महाराज डोळे मिटून बसलेले पाहून त्यांनी पांढऱ्या बुधल्यातले चार थेंब मनगटाला लावले. संध्याकाळी ठणका थांबला. म्हणजे पांढरे तेल आपले नव्हेच!

पाचव्या दिवशी दुपारी, शेवटी पांढऱ्यात आपलेच तेल निघावे म्हणून, त्यांनी गुपचूप दोरे बदलले. आता पांढरा खरोखर त्यांचा झाला. धास्ती एवढीच, की उद्या तेलाबरोबर गुणही गुडघा बदलील.

सकाळी माप घेतले. उजवा आणखी उतरलेला. डावा तसाच!

शास्त्रीबुवांनी सुतळी उलटसुलट करून पाहिली. आपले तेल लागू पडू लागले की काय? मग मनगटाला? दुपारी पांढऱ्यातले लावले, बरे वाटले. काळ्यातले लावले, काहीच नाही. आपण दोरे बदलले की बदललेसे वाटले? चिमाबाईचे तेल कोणते, आपले कोणते? औषध काम करते की दोरा? सातव्या दिवसापर्यंत त्यांना अन्न गोड लागेना.

"बोला, शास्त्रीबुवा," महाराज म्हणाले, "तुमचा कोणता?"

"पां... पांढरा."

महाराजांनी पांढरा बुधला परातीत रिता केला. तळातून निर्गुडीचे पान आले. आत्ताच खुडावे तसे हिरवेगार!

"हे कसं शक्य आहे? मी तर स्वतः दोरे..." शास्त्रीबुवांनी जीभ चावली, पण ऐकायचे ते साऱ्या ओट्याने ऐकले.

सात दिवस महाराज आसनावरून उठले नव्हते. बुधल्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. भक्तहो, त्या गाठी पुन्हा कुणी फिरवल्या, हे आजही कुणाला सांगता येत नाही!

"मनगट कसं आहे आता?" महाराजांनी हळूच विचारले.

उपरणे गळून पडले. सूज ओसरली होती. शास्त्रीबुवा चिमाबाईपुढे वाकले, तशी ती घाबरून मागे सरली. "माझ्या पाया काय पडता, बुवा? त्या सटवाला इचारा. हा पाय त्याचा सात दिस ठनकतोय. माझं तेल हिथंच व्हतं, पर लावायची मुभा नव्हती."

साऱ्यांचे डोळे डाव्या गुडघ्याकडे गेले. सटवा ओशाळून म्हणाला, "परीक्षा हाय म्हनले, म्हनून गप बसलो."

शास्त्रीबुवांनी परातीतले तेल ओंजळीत घेतले, बऱ्या झालेल्या हाताने तो गुडघा चोळला आणि कुंभाराच्या मातीने भेगाळलेल्या पावलावर डोके ठेवले.

चिमाबाईला तिचा ओटा राहिला. शास्त्रीबुवांचा ताठा गेला, पण त्याच्या बदल्यात मनगट मिळाले, ते फायद्यातच. पैज दोघांची होती. किंमत भरली ती सटवाच्या डाव्या गुडघ्याने, आणि त्याला कुणी विचारलेही नव्हते.