धूळपाटीचा तोरा

शाळेच्या कपाटातल्या वस्तू भरदिवसा भांडायच्या, त्या काळची ही गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवाकोरा टॅब आला आणि आल्या आल्या म्हणाला, "उद्या पाटीपूजनाचा मान माझा! बोटानं लिहायची युक्ती जगात मीच आणली."

दगडी पाटीला लिहायला पेन्सिल लागायची, ती मागे सरकली. तळाच्या फळीवरच्या म्हाताऱ्या धूळपाटीला मात्र राहवेना. "बाळा, माझ्यावर धूळ पसरून पोरं बोटानंच गमभन गिरवायची. हात फिरवला की मी कोरी!"

"पण आजी, मी लिहिलेलं सगळं जपून ठेवतो. तुझ्याकडे काय उरलं?"

"जपून ठेवतोस हे नवं, कबूल," धूळपाटी तोऱ्यात म्हणाली. "माझ्याकडे काहीच उरायचं नाही. म्हणून तर पोरांच्या डोक्यात उरायचं!"