पेंढ्याची पारवी

फार पूर्वी, रस्ते घोड्यांच्या टापांनीच पडत त्या काळात, नदीकाठच्या एका गढीत एक सरदार राहत होता. चार लढाया पाहिलेला, मिशीला पीळ देणारा, आणि आतून भित्रा. हे शेवटचं स्वतःशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं त्याला वाटे. आता आपल्याला ठाऊक झालं आहे, पण आपण हसायचं नाही, कारण त्याच्या भीतीला कारण होतं.

तरुणपणी एका लढाईत त्याच्या खांद्यात भाला घुसला. तो घोडीच्या मानेवर पालथा पडला आणि त्याची शुद्ध हरपली. पुढे नदी होती आणि नदीला पूर होता. घोडीने कोणी टाच न मारता पाण्यात उडी घेतली आणि त्याला पैलतीराला आणून सोडलं. तो डोळे उघडून पाहतो तर घोडीचं तोंड त्याच्या तोंडावर, आणि तिचा गरम श्वास त्याच्या गालावर. घोडीचा रंग पारव्यासारखा राखाडी, म्हणून तिचं नाव पारवी.

त्या दिवसापासून सरदाराच्या मनाने एकच घेतलं, की पारवी उभी आहे तोवर आपल्याला मरण नाही. मग तो तिच्याशिवाय पाऊल टाकीना. देवळात जायचं तरी घोडीवरून, पलीकडच्या गल्लीत बारशाला जायचं तरी घोडीवरून. लोक म्हणत, काय रुबाब आहे. रुबाब कसला, बिचारा घाबरत होता.

वर्षं गेली. पारवी म्हातारी झाली. उतारवयात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तिला एक शिंगरू झालं. लांब पायांचं, आईच्याच रंगाचं. ते धडपडलं की पारवी लगेच मान वळवून बघायची. खरारा चालू असो, तोंडाला दाण्याचा तोबरा असो, मान वळलीच म्हणून समजा. शिंगरू दोन महिन्यांचं झालं आणि एका सकाळी पोटशूळ उठून पारवी गेली.

पागेतले घोडे सांभाळणारा मोतद्दार म्हातारा होता. घोड्यांमध्येच त्याचा जन्म गेला होता. तो डोळे पुसत सरदारासमोर आला. "धनी, माळावर खड्डा घ्यायला माणसं लावू का?"

"नाही," सरदार म्हणाला. "पारवी कुठेही जाणार नाही. ती इथेच उभी राहील. कातडी भरणाऱ्याला बोलाव."

गावाबाहेर कातडी कमावणारा एक माणूस होता. गवळ्यांचं वासरू मेलं की त्याच्या कातड्यात तो पेंढा भरून द्यायचा. ते गाईपुढे ठेवलं की गाय त्याला चाटते आणि पान्हा सोडते. सरदाराने त्याला पारवीची कातडी भरायला सांगितली.

"सरकार, मी भरतो ते वासरू दूध काढण्यापुरतं असतं," तो म्हणाला. "धार झाली की गवळी ते उचलून खोलीत टाकतो. समोर ठेवत न्हाई."

"का?"

"गाय चाटतच बसती. खाणं सोडती."

"मी गाय नाही," सरदार म्हणाला.

कातडीवाल्याने मान खाली घातली. मग एवढंच म्हणाला, "वर्षानुवर्षं टिकवायची तर नुसत्या मिठानं भागायचं न्हाई. कातड्याला सोमल चोळावा लागंल. सोमल म्हंजे इख. कुठल्या जित्या जनावराचं तोंड तिला लागता कामा नये. माडीवर ठेवा, दाराला कुलूप घाला."

सरदाराने होकार दिला. तो ऐकत नव्हता, त्याची नजर बाहेर पागेकडे लागली होती.

काम दीड महिना चाललं. तेवढ्या दिवसांत इकडे एक चांगली गोष्ट घडली. पागेत एक तांबडी घोडी होती, तिचं पिल्लू नुकतंच दगावलं होतं आणि तिला दूध होतं. मोतद्दाराने शिंगराला तिच्याखाली लावलं. पहिले दोन दिवस शिंगरू आईसाठी खिंकाळलं, तिसऱ्या दिवशी दूध प्यायलं. हळूहळू ते तांबडीच्या मागे मागे हिंडू लागलं. मोतद्दार मनातून सुखावला.

आणि पारवी परत आली.

खरंच, हुबेहूब पारवी होती. तीच आयाळ, तोच कपाळावरचा पांढरा टिळा. डोळे तेवढे काचेचे होते. ते समोर बघत होते आणि कोणाकडेच बघत नव्हते. गढीतली माणसं कौतुक करायला जमली होती, ती एकेक करून काम आठवल्यासारखी निघून गेली. पाणी आणणाऱ्या बायकांनी दुसऱ्या दिवसापासून पागेवरची वाट सोडली.

सरदाराने तिला माडीवर नेलं नाही. "तिच्या जागेवरच उभी करा," तो म्हणाला. भोवती बांबूचा कुंपणवजा कठडा केला, म्हणजे घोड्यांचं तोंड पोचणार नाही. पागेतल्या घोड्यांना मात्र तोंड लावायची हौस नव्हतीच. घोडे भीतीने घामाघूम होत होते, दावी ओढत होते, खूर आपटत होते. तांबडी तर दावं तोडून बाहेर पळाली आणि पागेत पाय टाकीना.

सरदार रोज सकाळी पारवीच्या मानेवर हात ठेवू लागला. पहिल्याच दिवशी हाताखाली थंड, कडक काहीतरी लागलं आणि त्याने हात झटकन मागे घेतला. आपल्यालाही हिची भीती वाटते, हे त्याला कळलं. पण ती नसण्याची भीती त्याहून मोठी होती.

कठडा घोड्यांच्या उंचीचा होता. शिंगराच्या उंचीचा विचार कोणी केलाच नव्हता. ते तांबडीला सोडून खालच्या बांबूखालून अंग चोरत आत शिरलं.

चार दिवसांनी शिंगराच्या तोंडातून लाळ गळू लागली. ओठांवरची लव झडली. मागचे पाय लटपटू लागले. मोतद्दाराने चारा पाहिला, पाणी पाहिलं, काही सापडेना. दुपारी तो पागेत लपून बसला, तेव्हा त्याला कारण दिसलं. शिंगरू पेंढ्याच्या पारवीखाली उभं होतं. आईच्या कासेच्या जागी शिवण होती, ती शिवण ते चोखत होतं. पोटावरचा हातभर भाग चाटून चाटून ओला चकचकीत झाला होता. मधेच ते मान वर करून तिच्या तोंडाकडे बघे आणि पुन्हा चाटू लागे.

मोतद्दार त्याला ओढत बाहेर घेऊन आला आणि थेट सदरेवर गेला. "धनी, शिंगरू इख चाटतंय."

सरदार ताडकन उठला. "कठडा खालून बंद कर. त्याला लांब बांध."

शिंगराला गढीच्या दुसऱ्या टोकाला तांबडीजवळ बांधलं. ते दिवसभर पागेच्या दिशेने खिंकाळत राहिलं. गळ्याला दाव्याने वळ उठले. तांबडी त्याला हुंगत होती, सड पुढे करत होती, पण ते तिच्याकडे बघतही नव्हतं. मोतद्दाराने कातडीवाल्याला बोलावून आणलं. त्याने शिंगराचे डोळे पाहिले, जबडा उघडून पाहिला, आणि दोघं सदरेवर सरदाराकडे आले.

"जगंल," कातडीवाला म्हणाला. "पण दूध पोटात गेलं तर. आणि त्या घोडीचं दूध आटत चाललंय. उद्या सांजपर्यंत प्यालं न्हाई, तर मग पाजायला काही उरायचं न्हाई."

"मी पारवीला माडीवर हलवतो," सरदार घाईघाईने म्हणाला. "कुलूप घालतो. तू म्हणाला होतास तसंच."

"तवा म्हणालो होतो. आता त्यानं तिला बघितलंय. वारा सुटला की तिचा वास खाली यील. आई हाये, जवळच हाये, असं वाटंतोवर ते दुसरीला तोंड लावायचं न्हाई. तिला पुरा, आणि पुरताना त्याला बघू द्या. माती पडताना दिसली म्हंजे जनावराला कळतं."

सरदार उठून सदरेच्या टोकाला गेला. तिथून नदी दिसत होती. मग इतकी वर्षं कोणाला न सांगितलेलं तो मोतद्दाराला सांगून बसला.

"ती जमिनीत गेली, तर मला कोण वाचवणार?"

मोतद्दार चकित झाला नाही. घोड्यांमध्ये राहणाऱ्याला भीतीचा वास कळतो. तो हळूच म्हणाला, "धनी, नदीत तुम्हाला जिनं वाचवलं, ती गरम होती."

सरदार पागेत गेला. मागोमाग दावं सोडवून शिंगरू आलं, लटपटत, भिंतीला घासत. सरदाराकडे त्याचं लक्षही नव्हतं. खालून वाट बंद होती म्हणून ते कठड्यावर धडका देऊ लागलं. तिसऱ्या धडकेला त्याचे मागचे पाय गेले आणि ते पारवीसमोर कोसळलं. सरदाराने पारवीकडे पाहिलं. तिने मान वळवली नाही.

त्याला ठाऊकच होतं की ती वळवणार नाही. तरी तो क्षणभर वाट बघत राहिला, आणि मग त्याला रडू फुटलं.

त्याच दिवशी माळावर, पाण्यापासून लांब, खड्डा खणला. कातडीवाल्याने हात लावला, मोतद्दाराने लावला, आणि सरदारानेही फावडं घेतलं. पारवीला खाली सोडलं. शिंगरू काठावर उभं होतं. काचेच्या डोळ्यावर पहिली माती पडली तेव्हा सरदाराचे हात थांबले. आता आभाळ कोसळेल, आता काहीतरी होईल, असं त्याला वाटलं. काही झालं नाही. शिंगरू तेवढं खिंकाळलं आणि खड्ड्याकडे झेपावलं. सरदाराने फावडं टाकून त्याच्या गळ्याला मिठी मारली. ते थरथरत होतं आणि गरम होतं. खड्डा बुजेपर्यंत त्याने मिठी सोडली नाही.

त्या रात्री कोणाचा डोळा लागला नाही. सकाळ झाली, शिंगरू प्यायलं नाही. दुपार झाली, तरी नाही. सरदार तांबडीच्या पायाशी मातीत बसून होता. उन्हं कलली तसं शिंगरू खिंकाळायचं थांबलं. पडत उठत ते तांबडीजवळ आलं, तिच्या पोटाला कपाळ टेकवून उभं राहिलं. तांबडीने मान वळवून त्याला हुंगलं. आणि त्याने सडाला तोंड लावलं. घोटांचा आवाज ऐकून मोतद्दार खाली बसला.

शिंगरू जगलं. पण विषाने त्याचे मागचे पाय कायमचे अधू केले. त्याच्या पाठीवर कधी खोगीर चढलं नाही. सरदाराने बसायला दुसरा घोडा घेतला नाही. शिंगराचं दावं हातात धरून तो पायीच हिंडू लागला, देवळात पायी, बारशाला पायी. लोकांनी आता रुबाब गेला असं म्हटलं, आणि ते बरोबरच होतं.

एका उन्हाळ्यात त्याला नदीपलीकडे जायचं होतं. पाणी जेमतेम गुडघाभर होतं. तरी काठावर शिंगरू अडून बसलं, आणि खरं तर सरदाराचेही पाय उचलत नव्हते. मग त्याने एक पाऊल पाण्यात टाकलं आणि मागे वळून पाहिलं. शिंगराने एक पाऊल टाकलं. पुन्हा त्याने वळून पाहिलं. असं दर पावलाला मान वळवत त्याने त्या पिल्लाला पैलतीराला नेलं.

यातलं तात्पर्य ध्यानात ठेवायचं ते असं: आपल्या भीतीपोटी गेलेल्याला उभं करून ठेवलं, तर मागे उरलेला उपाशी राहतो; गेलेल्याने आपल्यासाठी जे केलं, ते आपण उरलेल्यासाठी करावं.