वातीचे पान

त्या राज्यात घरोघरी एकसारखीच पोथी होती, पण प्रत्येक आळी आपल्यापुरतेच पान वाचत असे. दिवेआळीच्या पोथ्यांत नेमके वात कशी तेवत ठेवायची ते सांगणारे, वातीचे पान फाटके निघाले आणि तिथले दिवे एकेक करून विझू लागले.

नवे पान पोचवायचे कुणी? बंद दारातून आत शिरण्याची कला फक्त लुटारूंना अवगत होती. म्हणून डंख नावाच्या लुटारूला धरले, त्याची हत्यारे काढून घेतली, त्याचा वंश वाढणार नाही अशी तजवीज केली आणि झोळीत लेखनिकाने लिहिलेल्या त्या पानाच्या प्रती भरल्या. डंखाच्या कुळात कुणी कुणाला काही द्यायला आजवर गेले नव्हते. त्याला ते काम मनापासून आवडले.

तो निघताना दिवेआळीची समई नावाची म्हातारी त्याला गाठायला वेशीपर्यंत आली. म्हणाली, "लवकर ये रे बाबा. माझा एवढा एकच दिवा उरलाय, तोही फडफडतोय."

वाटेत कोठारआळी लागली. तिथले लोक भारी आज्ञाधारक. दार वाजले की उघडायचे, हुकूम आला की पाळायचा. पान कुणी वाचायचे, हे पानावर लिहायला लेखनिक विसरला होता. कोठारवाल्यांनी ओंजळी भरभरून प्रती घेतल्या आणि धान्याच्या पोत्यांमध्ये दिवे लावत सुटले. पुढे विणकरआळीने पान घेतले, घडी घातली आणि फळीवर ठेवून दिले. डंख दिवेआळीत पोचला तेव्हा झोळीत एकच प्रत उरली होती. ती त्याने समईला दिली. तिचा दिवा स्थिर झाला आणि म्हातारी रडली.

तेवढ्यात कोठार पेटले. पहारेकऱ्यांनी आग विझवली, आणलेले पान कुणी पाहिले नाही, आणणाऱ्याचा चेहरा मात्र सगळ्यांनी पाहिला. त्याचे चित्र वेशीवेशीवर लागले.

लेखनिकाला चूक उमगली. त्याने नव्या प्रती लिहिल्या आणि माथ्यावर दिवेआळीलाच कळेल अशी खूण केली. आता पान बिनचूक होते. न्यायला मात्र डंखच होता.

"ते मला ओळखतील," डंख म्हणाला. त्याला भीती वाटत होती, तरी झोळी त्याने खांद्याला लावली.

दिवेआळीच्या वेशीवर मिट्ट काळोख होता. पहारेकरी भाले रोखून अंदाज घेत उभे होते. डंख भिंतीला धरून, आवाज न करता पुढे सरकत होता. दार हाताच्या अंतरावर आले.

आतून समईने त्याची चाहूल ओळखली. तो ठेचकाळू नये म्हणून ती लगबगीने बाहेर आली आणि तिने आपला दिवा त्याच्या तोंडासमोर उंच धरला.